माळव्यातील वेळूचे धनुष्य : ग्रंथ आणि हात

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाच्या मनात प्रथम पवार घराण्याची स्मृती जागवतात. अठराव्या शतकात मराठी फौजा माळव्यात स्थिरावल्या, धारला पवारांची गादी आली, देवासला थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या, आणि पुण्याहून गेलेल्या कुटुंबांबरोबर मराठी भाषा व विद्या तेथे रुजल्या. या विद्येने आपले काम चोख केले. धार संस्थानात शिक्षणखात्याची धुरा वाहणाऱ्या काशिनाथ कृष्ण लेले यांनी 1903 साली ‘पारिजातमंजरी’ या संस्कृत नाटिकेचा शिलालेख उजेडात आणला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पण आमच्या इतिहासलेखनाचा कल दगड, ताम्रपट आणि सनदा यांच्याकडे राहिला. जे वेळूचे होते, जे दहा-वीस वर्षांत झिजून चुलीत गेले, त्याची नोंद घेण्याचे आम्हांस सुचले नाही. अशा वस्तूंत माळव्यातील धनुष्याची गणना करावी लागते. हे धनुष्य घडविण्याची व तोलण्याची विद्या जाणून घेतल्यावाचून आमचे धनुर्वेदाचे ग्रंथही नीट उलगडत नाहीत, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ग्रंथांकडे पाहू. धारचा परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’त रत्ने, नौका, गज, अश्व यांच्याबरोबर शस्त्रांचाही विचार आहे. त्याच्या कितीतरी पूर्वी कौटिल्याने आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याची द्रव्ये सांगताना ताड, वेळू, लाकूड व शिंग ही चार नावे दिली, आणि दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधू, वेळू व स्नायू यांचा निर्देश केला. अग्निपुराणात चार हात लांबीचे धनुष्य उत्तम, साडेतीन हातांचे मध्यम आणि तीन हातांचे कनिष्ठ मानले आहे. चार हात म्हणजे साधारण पुरुषभर उंची. ‘धनु’ हे चार हातांच्या मापाचेही नाव झाले, ते उगीच नव्हे. आरियन या ग्रीक ग्रंथकारानेही भारतीय पायदळाचे धनुष्य धनुर्धराच्याच उंचीचे असते, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढतात, असे लिहून ठेवले आहे. तेव्हा लांब, साधे, एकाच द्रव्याचे धनुष्य ही या देशाची जुनी वस्तू होय. घोडेस्वाराचे आखूड, शिंग व स्नायू यांनी जोडलेले धनुष्य हा वेगळा प्रकार. पुढे दरबारी चित्रांत व शस्त्रागारांत त्यालाच मान मिळाला.

पायदळाचे ते लांब धनुष्य मात्र नष्ट झाले नाही. धार जिल्ह्याच्या दक्षिण व पश्चिम भागांतील कुक्षी, मनावर, गंधवानीच्या डोंगराळ मुलखात आणि देवास जिल्ह्यात बागलीच्या रानात भिल्ल व त्यांच्या शाखांची वस्ती आहे. ‘भिल्ल’ हे नाव द्राविडी भाषांतील धनुष्यवाचक ‘विल्’ अथवा ‘बिल्’ या शब्दावरून आले, असे मत बहुतेक अभ्यासकांनी मांडले आहे. त्यांचा तीरकमठा वेळूचा असतो, आणि विशेष म्हणजे त्याची दोरीही वेळूच्याच सालीची चिवट पट्टी असते. कौटिल्याच्या यादीत व अग्निपुराणात वेळूची दोरी वाचून पुण्या-मुंबईतील वाचक बुचकळ्यात पडेल, कारण वेळूची दोरी त्याने पाहिलेली नसते. भिल्लाच्या धनुष्यावर ती आजच्या काळापर्यंत टिकली. ती ओल्याने सैल पडत नाही व ताणाने लांबत नाही, म्हणून पावसाळी रानात तागाच्या दोरीपेक्षा ती अधिक भरवशाची.

आता हे धनुष्य घडते कसे ते पाहू. माळव्याच्या रानात भरीव वेळू विपुल आहे. तीन-चार वर्षांचा पक्व वेळू पावसाळा सरल्यावर, अंगातील रस ओसरला म्हणजे, तोडतात आणि फोडून सावलीत वाळवतात. वेळूचे सारे बळ सालीलगत असते. चिवट तंतू तेथे दाट, आतल्या अंगास विरळ. धनुष्य ओढले म्हणजे बाहेरच्या अंगावर ताण पडतो व आतल्या अंगावर दाब येतो. म्हणून साल अखंड राखून ती ताणाच्या बाजूस ठेवावी आणि तासावयाचे ते आतून, हा वेळूच्या स्वभावातूनच निघणारा नियम होय. मुठीजवळ जाडी राखून टोकांकडे ती क्रमाने कमी करतात. वाकडेपणा असेल तर विस्तवाच्या धगीवर शेकून काढतात.

खरी परीक्षा पुढे, तोलण्याची. प्रथम दोरी सैल चढवून धनुष्य थोडेसेच ओढावयाचे आणि दोन्ही भुजा कशा वाकतात ते पाहावयाचे. जी भुजा ताठ राहील तिच्या आतल्या अंगावरून पातळ छिलका काढावयाचा. जी अधिक वाकते तिला हात लावावयाचा नाही, कारण काढलेले पुन्हा घालता येत नाही. मग पुन्हा ओढावयाचे, पुन्हा पाहावयाचे, आणि दर वेळी ओढ थोडी वाढवावयाची. एखाद्या जागी बाक एकवटला तर धनुष्य तेथेच मोडणार. बाण मुठीच्या वरून सुटतो, म्हणून खालची भुजा किंचित ताठ ठेवणे इष्ट. हे सारे डोळ्याने व हाताने ठरते. सूत्रात बांधता येईल असे त्यात थोडेच आहे.

हे ध्यानात ठेवून ग्रंथांकडे परत वळले म्हणजे त्यांचा चेहरा बदलतो. वसिष्ठाच्या नावावरील धनुर्वेदसंहितेत व 1363 च्या सुमारास रचलेल्या ‘शार्ङ्गधरपद्धती’तील धनुर्वेदात, धनुष्याला तीन, पाच, सात किंवा नऊ पेरी असावीत, चार, सहा किंवा आठ नसावीत, असा दंडक आहे. विषम संख्या शुभ मानण्याची ही रीत म्हणून आपण तो सोडून देतो. पण येथील ‘पर्व’ म्हणजे वेळूची गाठ असे धरले, तर विषम गाठींची मधली गाठ मुठीत येते आणि उरलेल्या दोन्ही भुजांना सारख्या वाटल्या जातात, असे दिसेल. गाठ ताठ असते. मुठीत ताठरपणा हवाच असतो, आणि भुजांत तो समान असला तर तोलण्याचे काम निम्मे होते. शुभाशुभाच्या भाषेत कारागिराचा अनुभव येथे बोलतो आहे, असे मला वाटते.

त्याच ग्रंथांत वर्ज्य धनुष्यांची यादी आहे : फार जुने, अपक्व, जळलेले, छिद्र पडलेले, आणि ‘ज्ञातिघृष्ट’. ज्ञातींकडून घासले गेलेले धनुष्य बांधवांशी कलह आणते, असे फल ग्रंथकार सांगतो. परंतु वेळू बेटाने वाढतो, वाऱ्याने एका बेटातील वेळू परस्परांवर घासतात, आणि जेथे साल झिजली तेथेच ताणाखाली तडा जातो. वेळूचे ज्ञाती म्हणजे त्याच बेटातील वेळू, असा मूळ अर्थ असावा. ‘वंश’ शब्दाचे वेळू व कूळ हे दोन अर्थ मनात घोळवणाऱ्या एखाद्या विद्वानाने त्यावर कलहाचे फल चढविले असावे. हे अनुमान आहे, आणि ते तपासण्याची जागा ग्रंथालयात जितकी, तितकीच बागलीच्या रानातही आहे.

ही विद्या आक्रसत गेली, याचे कारण केवळ बंदूक नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानात 1878 च्या शस्त्रकायद्याने ‘शस्त्र’ शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाण नाव घेऊन घातले. 1927 च्या वनकायद्याने वेळूला वृक्षांत गणले. वेळू हे तृण आहे, हे रानातल्या पोरालाही ठाऊक असताना, वनाबाहेर लावलेल्या वेळूची या व्याख्येतून सुटका होण्यास 2017 साल उजाडावे लागले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही हत्यारांत धनुष्यबाणांचा समावेश आहे. शिकारीवरील निर्बंध वन्य प्राण्यांसाठी आवश्यकच होते. पण द्रव्य, उपयोग आणि प्रतिष्ठा ही तिन्ही ज्या कारागिराच्या हातून गेली, त्याची विद्या मुलाकडे जाईल कशी? भगोरियाच्या बाजारात मिरविला जाणारा तीरकमठा आणि शिकारीसाठी तोललेला तीरकमठा यांत फरक पडणारच.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट निराळ्या रीतीने घडली. तेथील लांब धनुष्याची परंपरा तुटली, आणि 1545 मध्ये बुडालेले ‘मेरी रोज’ जहाज विसाव्या शतकात उकरले गेले तेव्हा त्यात सापडलेल्या शंभराहून अधिक धनुष्यांवरून अभ्यासकांना ती विद्या नव्याने जुळवावी लागली. माळव्यात समुद्रतळ धुंडाळण्याची गरज नाही. घडविणारे हात अद्याप आहेत.

आमच्या भाषेत धनुष्य गेले तरी त्याचे शब्द राहिले. बंदुकीचा खटका ‘चाप’ झाला, दाराची ‘कमान’ झाली, भूमितीत ‘ज्या’ उरली. या शब्दांचा कोश आम्ही केला. कमठ्याच्या भागांना, छिलण्याच्या हत्याराला, वेळूच्या दोषांना भिल्ली व निमाडी बोलींत काय म्हणतात, त्याचा कोश मात्र व्हावयाचा आहे. धार-देवासच्या शाळांतील शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या आजोबांकडून हे शब्द व त्यांबरोबरची कृती लिहून घेतली, तर धनुर्वेदाच्या पुढील संपादकाला त्याच्या पोथ्यांइतकाच आधार त्या वह्यांचा मिळेल.