गंजलेली जुनी मेटाडोर पुन्हा उभी करायची? सुरुवात रंगापासून नाही, खालून करा

गोंदिया : आपल्या जिल्ह्यात फिरताना हे चित्र नेहमी दिसतं. कोठ्यामागे किंवा आंब्याच्या झाडाखाली एक जुनी मेटाडोर उभी असते. टायर जमिनीत रुतलेले, आत तनीस आणि खताच्या रिकाम्या पोत्या, दाराखालचा पत्रा हाताने मोडेल असा. कधीकाळी तिने धान राइस मिलवर पोचवलं, वराती नेल्या, तेंदूपत्त्याचे पुडे वाहिले. आता घरातला पोरगा म्हणतो, "बाबा, हिला पुन्हा चालू करू."

इच्छा चांगली आहे. पण बहुतेक जण पहिला पैसा चुकीच्या जागी घालतात. थेट डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जातात, तो पुट्टी भरतो, चकचकीत रंग मारतो. एक पावसाळा जातो आणि रंगाला फोड येतात. फोड फोडला की आत तोच गंज. पैसा गेला, गाडीही गेली. म्हणून सुरुवात नेमकी कुठून करायची, ते या लेखात क्रमाने दिलं आहे. मेटाडोरसोबतच जुनी जीप, व्हॅन किंवा मिनीबसलाही हाच क्रम लागू पडतो.

मेटाडोर म्हणजे कोणती गाडी?

आज आपण कोणत्याही छोट्या मालगाडीला मेटाडोर म्हणतो, पण हे एका गाडीचं नाव आहे. फिरोदियांची बजाज टेम्पो कंपनी १९५८ मध्ये जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने सुरू झाली. आधी तीनचाकी टेम्पो आला आणि 'टेम्पो' हा मराठीतला रोजचा शब्द झाला. १९६९ मध्ये मेटाडोर आली. २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. या गाडीचं इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांना, त्यामुळे मागचा तळ जमिनीच्या जवळ आहे. माल भरायला ते सोयीचं होतं, पण चिखल आणि पाणीही त्याच तळाला आधी लागतं.

आपल्याकडे गाड्या इतक्या का गंजतात?

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाले की गंज धरतो. आपला जिल्हा धानाचा. चार महिने पाऊस, बांधीत पाणी, रस्त्यावर चिखल. त्यात तीन गोष्टींची भर पडते.

पहिली, गाडीत ठेवलेली तनीस आणि कोंडा. हे ओलावा धरून ठेवतात. बाहेर ऊन पडलं तरी खालचा पत्रा ओलाच राहतो.

दुसरी, खत. पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, म्हणजे मिठासारखाच प्रकार. पोती फुटून सांडलेलं खत पत्र्याच्या सांध्यात बसलं की वर्षानुवर्षे गंज खात राहतो.

तिसरी, जनावरं. गाडी कोठ्याला लागून असेल तर शेण-मूत चाकाच्या कमानीपर्यंत उडतं. तेही लोखंडाला खातं.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे दोन पत्र्यांचा सांधा आतून फुगतो, फाकतो, आणि फाकलेल्या जागेत आणखी पाणी शिरतं. पेटीसारखे पोकळ भाग तर आतूनच सडतात. बाहेरून रंग शाबूत आणि आतून पोकळ, असं होतं.

पायरी १ : हात लावण्याआधी कागद बघा

गाडी कितीही सुंदर झाली तरी नोंदणी नसेल तर ती रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून पाना उचलण्याआधी हे तपासा.

- आरसी बुक आहे का? हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत मागता येते.
- गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहे आणि ते हयात नाहीत? वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो.
- आरसीवर जुन्या बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का? कर्ज फिटलेलं असलं तरी कागदावर बोजा राहून जातो.
- गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली आहे की खासगी? मालवाहू असेल तर फिटनेस प्रमाणपत्र लागतंच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी वाढवावी लागते.
- थकलेला कर आणि दंड किती? हा आकडा आधी विचारा, मग बाकीचा हिशोब करा.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. जुनी नोंद भंडारा किंवा नागपूरकडे निघू शकते. फार जुनी नोंद मोबाइलच्या ॲपमध्ये दिसेलच असं नाही. आरसीची झेरॉक्स घेऊन आरटीओत प्रत्यक्ष जाऊन या.

मग चेसिस नंबर शोधा. जागा रॉकेलच्या फडक्याने हळूच पुसा. वर कागद ठेवून पेन्सिल घासा, नंबर उमटतो. आरसीशी जुळवा. या जागेवर ग्राइंडर किंवा वायर ब्रश अजिबात लावू नका. नंबर पुसला गेला तर पुढची सगळी मेहनत वाया जाईल.

पायरी २ : सुरक्षितता

बरेच दिवस उभ्या गाडीत साप, विंचू, गांधीलमाशी असतात. आधी लांब काठीने आपटा, दारं उघडी ठेवा, मगच हात घाला.

- बॅटरीची तार काढा.
- गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. मजबूत घोडी लावा, आणि तीही चांगल्या लोखंडाखाली. सडलेल्या भागाखाली लावली तर ती पत्र्यातून आत घुसते.
- वेल्डिंगआधी इंधनाची टाकी काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच, कधी जास्तच धोक्याची असते. आत वाफ असते, ठिणगी पडली की भडका उडतो.
- जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस. मास्क, चष्मा, हातमोजे वापरा. ब्रेक ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पायरी ३ : मोबाइल काढा

काहीही खोलण्याआधी फोटो घ्या. चारही बाजू, तळ, प्रत्येक तार, प्रत्येक ब्रॅकेट. खोलताना नट-बोल्ट छोट्या पिशवीत घालून वर नाव लिहा. सहा महिन्यांनी कोणता बोल्ट कुठला, हे कोणालाच आठवत नाही. सडलेला सुटा भागही लगेच भंगारात देऊ नका. नवीन बनवताना मिस्त्रीला तोच नमुना म्हणून लागतो.

पायरी ४ : धुवा, वाळवा, ठोकून बघा

हीच खरी सुरुवात. सीट, मॅट, तळातल्या फळ्या काढा. खालचा चिखल खरवडा. पाण्याने धुवा आणि चांगल्या उन्हात काही दिवस वाळू द्या. हे काम दिवाळीनंतर घेतलं तर बरं. पावसाळ्यात सुरू करू नका.

आता छोटी हातोडी, पेचकस आणि खडू घ्या. हळूहळू ठोकत जा. चांगलं लोखंड 'ठण' वाजतं. सडलेलं 'थप' असा बसका आवाज देतं. शंका आली तिथे पेचकस दाबा. सोबत साधं लोहचुंबक ठेवा. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे, म्हणजे जुनं भोक झाकलेलं आहे असं समजा.

तीन खुणा करा :

- पांढरा खडू : वरवरचा गंज. घासून निघेल.
- पिवळा खडू : खड्डे पडलेत, पण पत्रा जाडीने शाबूत आहे.
- लाल खडू : भोक, किंवा पेचकस आत जातो.

आधी कुठे ठोकायचं? चेसिसचे उभे आणि आडवे भाग, पाटे किंवा स्प्रिंग बसतात त्या जागा, स्टिअरिंग बॉक्सची जागा, इंजिनचं माउंटिंग, सीट आणि पट्ट्याच्या जागा. त्यानंतर तळ, चाकाच्या कमानी, दारांची खालची कड, समोरच्या काचेखालची पट्टी, छताची पन्हळ.

पायरी ५ : ठेवायची की सोडायची, आत्ताच ठरवा

लाल खुणा पत्र्यावर असतील तर घाबरू नका. तळ, दार, कमान नवीन बनवता येतात. खर्च येतो, पण काम होतं.

लाल खुणा चेसिसवर, चाक धरणाऱ्या जागांवर आणि स्टिअरिंगच्या जागेवर असतील तर थांबा. तिथे तुटलं तर चालत्या गाडीचं चाक निसटतं. अशी दुरुस्ती गावातल्या खिडक्या-गेट बनवणाऱ्या वेल्डिंग दुकानाचं काम नाही. चेसिसचं काम करणाऱ्या अनुभवी मिस्त्रीला खडूच्या खुणा दाखवा. दोन ठिकाणी विचारा आणि अंदाज लिहून घ्या. त्यावर किमान चौथा हिस्सा जास्त धरा, कारण कापल्यावर गंज नेहमी दिसला त्यापेक्षा जास्त निघतो. हा आकडा घराला झेपत नसेल तर आत्ताच नाही म्हणा. अर्धवट खोललेल्या गाडीला गिऱ्हाईकही मिळत नाही.

सोडायचं ठरलं तर नुसतं भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळतं. आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर कागदावर मालक तुम्हीच राहता, आणि तुमच्या नंबरचा गैरवापर झाला तर चौकशीही तुमच्याच दारात येते.

पायरी ६ : कापण्याआधी आधार द्या

गाडीचा तळ आणि दाराखालची पट्टी सगळ्या बॉडीला धरून ठेवतात. एकदम दोन्ही बाजू कापल्या तर बॉडी मधे बसते, मग दारं कधीच नीट लागत नाहीत.

- दाराच्या चौकटीत आडवा पाइप किंवा अँगल तात्पुरता जोडा.
- टेपने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी मापं घेऊन भिंतीवर लिहा. काम चालू असताना पुन्हा मोजा.
- एका वेळी एकच बाजू, एकच तुकडा. तो जोडून झाला की पुढचा.
- सडलेल्यावर नवीन पत्रा चिकटवू नका. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा. नाहीतर ठिगळाखाली गंज चालूच राहतो.
- बॉडीला साधारण १८ ते २० गेजचा पत्रा लागतो. मूळ पत्र्याची जाडी मोजून तेवढाच घ्या. साध्या रॉडच्या वेल्डिंगने पातळ पत्रा जळतो. सीओटू वेल्डिंग बरं. लांब रेघ न ओढता थोडे थोडे टाके, थंड होऊ देत.
- तळातली पाणी निघायची छिद्रं बुजवू नका.

पायरी ७ : गंज मारा, त्याच दिवशी प्रायमर

पांढऱ्या आणि पिवळ्या खुणांवरचा गंज वायर ब्रशने काढा. खड्ड्यातल्या गंजासाठी फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर मिळतं, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे लावा. उघडं लोखंड एक रात्रही तसं ठेवू नका. त्याच दिवशी प्रायमर, सांध्यात सीलर, आणि पोकळ भागात आतून मेण किंवा गंजरोधक फवारा.

खाली जळकं ऑइल फासायची आपल्याकडे सवय आहे. त्यावर धूळ बसते, रबर खराब होतं, पुढे रंग धरत नाही, आणि ठिबकून बांधीत जातं. ते टाळा.

मग इंजिन, शेवटी रंग

बॉडीनंतर ब्रेक. गंजलेल्या ब्रेक पाइपवर भरवसा ठेवू नका, बदलाच. मग इंधनाची नळी आणि टाकी. इंजिन जाम असेल तर गाडी ओढून चालू करायचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये ऑइल सोडून काही दिवस थांबा, मग हाताने फिरवून बघा. त्यानंतर वायरिंग. रंग सगळ्यात शेवटी.

व्हिंटेज नोंदणीचं काय?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये यासाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी यात येते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामासाठीच ती रस्त्यावर येते. आणि गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरबदल चालत नाहीत. म्हणून काहीही कापण्याआधी आरटीओत विचारा.

थोडक्यात क्रम असा : कागद, फोटो, हातोडी, निर्णय, आधार, लोखंड, ब्रेक, इंजिन, रंग. या रविवारी वेळ असेल तर एवढंच करा. आरसी शोधा, आणि एक हातोडी व तीन रंगांचे खडू घेऊन गाडीखाली बघा. या कामाला जवळपास काहीच खर्च नाही, पण पुढे पैसा घालायचा की नाही हे त्यातूनच कळेल.