निसर्गाश्रित बालव्यवसायोपचार

शारीरिक व्यंग, दीर्घकालीन आजार, वाढीतील दोष किंवा वर्तनविषयक अडचणी असलेल्या बालकांकडून बाग, मैदान, वन यांसारख्या उघड्यावरील परिसरात हेतुपूर्ण कृती करवून घेऊन त्यांची दैनंदिन कार्यक्षमता वाढविण्याची उपचारपद्धती. खेळ हा बालकाचा प्रमुख व्यवसाय होय, असे व्यवसायोपचारात मानतात. त्यामुळे माती खणणे, रोपांना पाणी घालणे, ओंडक्यावरून तोल सांभाळीत चालणे इ. कृती केवळ करमणूक म्हणून नव्हे, तर बालकाची विशिष्ट उणीव लक्षात घेऊन योजिल्या जातात. मनोरुग्णांची श्रमचिकित्सा, क्षयरोगविरोधी चळवळ आणि व्यवसायोपचार या तीन प्रवाहांतून ही पद्धती घडत गेली.

इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक (१७३२–१८२२) यांच्या पुढाकाराने १७९६ मध्ये सुरू झालेल्या मनोरुग्णालयात साखळदंडांऐवजी सौम्य वागणूक, बागकाम व पाळीव प्राण्यांचा सहवास यांवर भर होता. अमेरिकन वैद्य बेंजामिन रश यांनीही १८१२ च्या आपल्या ग्रंथात बागेत खणण्यासारखी कामे करणारे रुग्ण पुष्कळदा बरे होतात, असे निरीक्षण नोंदविले. तथापि हे प्रयोग प्रौढांपुरते होते.

बालकांच्या बाबतीत खरी सुरुवात क्षयरोगाच्या भीतीतून झाली. प्रतिजैविके उपलब्ध नसताना मोकळी हवा, ऊन, सकस आहार व विश्रांती हेच मुख्य उपाय होते. बर्लिननजीकच्या शार्लोटनबुर्क येथे बालरोगतज्ञ बेर्नहार्ट बेंडिक्स व शिक्षणाधिकारी हेरमान नॉइफेर्ट यांच्या प्रयत्नांतून १९०४ मध्ये पाइन वृक्षांच्या वनात दुर्बल मुलांसाठी ‘वनशाळा’ उघडण्यात आली. तेथे अभ्यासाचे तास लहान ठेवून उरलेला वेळ भोजन, झोप, खेळ व बागकाम यांस दिला जाई. लंडनमध्ये १९०७ साली बॉस्टल वुड येथे, तर अमेरिकेत १९०८ साली प्रॉव्हिडन्स येथे अशाच शाळा निघाल्या. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत मार्गारेट मॅकमिलन (१८६०–१९३१) यांनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या शिशुशाळेत तर बाग हीच मुख्य शाळा होती. १९२२ मध्ये या चळवळीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद पॅरिस येथे भरली. मुलांची वजने वाढत असल्याचे या शाळांना आढळून आले. मात्र त्याचे श्रेय हवेला द्यावे, की पोटभर अन्नाला, हे वेगळे काढणे कठीण होते.

व्यवसायोपचारास संघटित रूप १९१७ मध्ये अमेरिकेतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे मिळाले. संस्थापकांपैकी जॉर्ज बार्टन (१८७१–१९२३) यांना स्वतःला क्षय व अर्धांगवायू झालेला होता आणि सुतारकाम व बागकाम यांच्या साहाय्याने त्यांनी प्रकृती सुधारली होती. भारतात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. जागतिक व्यवसायोपचारक संघाच्या स्थापनेत (१९५२) भारताचाही सहभाग होता.

स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधानंतर (१९४३) क्षयरोगावर औषध मिळाले आणि मोकळ्या हवेतील शाळांचे मूळ प्रयोजन उरले नाही. बहुतेक शाळा बंद पडल्या वा त्यांचे रूप पालटले. बालकांचा व्यवसायोपचारही मुख्यतः रुग्णालयाच्या खोलीतच चालू लागला. जीन एअर्स (१९२०–८८) यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार स्पर्श, तोल आणि स्नायू-सांध्यांची जाणीव यांच्या संवेदनांचे मेंदूत नीट एकत्रीकरण न झाल्यास शिकण्यात अडथळे येतात. यासाठी तिने झोके, टांगती साधने व उतरत्या फळ्या असलेल्या खोल्या योजिल्या. झाडाची फांदी, टेकडीचा उतार किंवा ओली वाळू यांतून पूर्वी सहज मिळणारे अनुभव अशा रीतीने भिंतींच्या आत कृत्रिमपणे निर्माण करावे लागले.

एकविसाव्या शतकात उपचारक पुन्हा बाहेर वळू लागले. रिचर्ड लूव्ह यांच्या २००५ मधील ग्रंथाने मुलांच्या निसर्गवियोगाकडे लक्ष वेधले. मात्र त्यांनी वापरलेली ‘निसर्गन्यूनता’ ही संज्ञा म्हणजे वैद्यकीय निदान नव्हे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अवधानन्यूनता असलेल्या सतरा मुलांची एकाग्रता शहरी रस्त्यांपेक्षा उद्यानात वीस मिनिटे चालल्यावर अधिक आढळली. असे अभ्यास लहान गटांवरचे असल्याने त्यांतून व्यापक निष्कर्ष काढणे युक्त ठरत नाही.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. पाऊस, ऊन, कीटकदंश व पडण्याचा धोका यांचा विचार करावा लागतो. चाकाच्या खुर्चीसाठी वाटा आखाव्या लागतात. दाट वस्तीतील मुलांना तर मोकळी जागाच दुर्मिळ असते. वनशाळा निघाल्या त्या मुख्यतः अशाच मुलांसाठी. औषधांमुळे त्यांची वैद्यकीय गरज संपली, तरी मोकळ्या जागेची उणीव भरून निघाली नाही, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.