जिवाचा आणा

गहाण या शब्दाचे आमच्याकडं तीन प्रकार आहेत आणि शेतकऱ्याच्या पोराला ते शाळेत जायच्या आधीच कळतात. नजरगहाण म्हणजे जमीन आपल्या ताब्यात, कसायची आपणच, पण कागद दुसऱ्याच्या पेटीत. कब्जेगहाण म्हणजे पैसे घेतले की आपण बांधाच्या बाहेर. जमीन सावकार कसणार, पीक तोच नेणार, तेच त्याचं व्याज. मुद्दल एकरकमी हातावर ठेवाल तेव्हा जमीन परत. तिसरी मुदतखरेदी. तीत ठरलेल्या मुदतीत पैसे फिटले नाहीत तर जमीन कायमची गेली. तिन्हींत एक प्रश्न सारखाच असतो आणि तो कुठल्याच कागदावर लिहिलेला नसतो. जमीन सुटेपर्यंत घरातल्या माणसांनी जगायचं कसं? सणवार, जत्रा, बायापोरांची हौस सगळी खुंटीला टांगून पै-पै गोळा करायची, की अधूनमधून गोडाचा घास खात खात फेडायचं?

हा प्रश्न माझ्या घराचा आहे, तसा आमच्या मुलखाचाही आहे. मी शिकलो दहावीपर्यंत. पण सुपं आमच्या गावापासून फार लांब नाही, त्यामुळं सुप्याच्या दंग्याची गोष्ट मी पुस्तकात वाचायच्या आधी पारावर ऐकली. १२ मे १८७५. सुप्याचा बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर, घरांवर गेले. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि चोपड्या. ज्या सावकारानं कागद मुकाट्यानं दिले त्याच्या अंगाला सहसा कुणी बोट लावलं नाही. कागद मात्र जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत हे लोण गेलं. त्याच्या आधी शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावानं सावकारांवर बहिष्कार घातला होता, तिथून ही ठिणगी पडली असं मानतात.

आता माणसं एवढी पेटली का? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिथला कापूस बंद पडला आणि विलायतेच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसाकडं वळल्या. भाव चढले, सावकार मागेल त्याला पैसे देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच पहिल्या मोजणीची तीस वर्षांची मुदत संपली होती. नव्या आकारणीत कितीतरी गावांचा सारा दीडपट-दुप्पट झाला. पीक येवो न येवो, सारा रोख भरायचा. रोख कुठून आणायचा? सावकाराकडून.

त्यात एक कायद्याची मेख होती. आपल्याकडं जुना दामदुप्पटीचा नियम होता. व्याज मुद्दलाच्या वर वसूल करायचं नाही. इंग्रजांनी १८५९ साली मुदतीचा कायदा केला की कर्जरोखा तीनच वर्षं चालेल. हेतू शेतकऱ्याच्या भल्याचा होता. पण सावकारानं दर तीन वर्षांनी नवा कागद करून घ्यायला सुरुवात केली आणि थकलेलं व्याज नव्या कागदात मुद्दल म्हणून मांडलं. झाली दामदुप्पट फुस्स. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं उदाहरण दंग्यांच्या चौकशीत पुढं आलं. आज मार्चअखेरीला आम्ही सोसायटीत जे ‘नवं-जुनं’ करतो, त्याचं नाव काढलं की मला हे तीन वर्षांचे रोखे आठवतात.

दंग्यानंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला. साहेबलोकांत आणि शहरातल्या शहाण्यांत तेव्हा एक बोलणं पक्कं झालेलं होतं की कुणबी लग्नात आणि सणात पैसा उधळतो म्हणून बुडतो. आयोगानं हिशेब तपासले आणि लिहिलं की या लग्नखर्चाला कारण नसताना फार महत्त्व दिलं गेलंय. लग्नाचा खर्च शेतकऱ्याच्या खात्यावर दिसतो खरा, लहानही नसतो, पण कर्जाचं मूळ तिथं क्वचितच सापडतं. मूळ असतं साऱ्यात, बैलात, बियाण्यात, नाहीतर बापाकडून आलेल्या जुन्या बाकीत. पुढं १८७९ साली पुणे, नगर, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी कायदा झाला. कोर्टानं नुसता रोखा न बघता व्यवहार पहिल्यापासून तपासावा, हप्ते बांधून द्यावेत, सावकारानं पावती द्यावी, असं त्यात होतं. त्यालाही वळसा निघाला. गहाणाऐवजी सरळ खरेदीखत करायचं आणि ‘पैसे दिलेस की जमीन परत’ हे तोंडी ठेवायचं. तरी पण आयोगाची ती ओळ मला मोलाची वाटते. कुणब्याच्या ताटातल्या पोळीनं त्याची जमीन खाल्ली नाही, हे खुद्द सरकारच्याच माणसांनी लिहून ठेवलंय.

असाच एक कागद माझ्या घरी ट्रंकेत आहे. १९५३ सालचा. माझ्या आजोबांनी सहा एकर काळं रान सातशे रुपयाला कब्जेगहाण दिलं. कागदात कारण लिहिलंय, बैलजोडी, बियाणं आणि घरखर्च. एक बैल मेला, दुसरा एकटा काय ओढणार, आणि पावसानं दगा दिलेला. आत्याचं लग्न पुढच्या वर्षी झालं, तेही चुलत बहिणीच्या मांडवातच, दोघींचा मिळून एक स्वयंपाक. पण गावात विचारा, आजही म्हातारी माणसं सांगतात, “पोरीच्या लग्नापायी रान घालवलं तुझ्या आज्यानं.” सत्तर वर्षं झाली, कागद खोटा ठरतोय आणि गप्पा खऱ्या.

लोकांचं हे बोलणं आजोबांच्या जिवाला लागलं. त्यांनी घरातली सगळी हौस बंद केली. पोळ्याला पोळी नाही, जत्रेला मटणाचा वाटा नाही, आजीला दोन वर्षांत एक लुगडं. आजीची एकच इच्छा होती, पायी पंढरपूरला जायची. तुकोबांची पालखी दरसाल आमच्याच भागातून जाते. आजी पहाटे उठून भाकरी थापायची, पाटी डोक्यावर घेऊन रस्त्यावर जायची, वारकऱ्यांना वाढायची आणि दिंडी नजरेआड होईपर्यंत उभी राहायची. दरसाल आजोबा म्हणायचे, “रान सुटलं की दोघं जाऊ.”

रान काही सुटेना. कब्जेगहाणाची हीच अडचण. थोडं थोडं फेडता येत नाही, सातशे एकदम लागतात. आणि गरिबाच्या घरात साठलेला पैसा म्हणजे उन्हात ठेवलेलं लोणी. दोनदा तीन-तीनशेवर गेलेला ढीग मोडला. एकदा बैलाच्या दुखण्यात, एकदा चुलत्याच्या दुखण्यात. १९६१ साली आजी गेली. पंढरपूर राहिलंच.

तिच्या दहाव्याला माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, आजोबांना म्हणाले, “दादा, रानाची मुदत माणसाला नसती. आता हिशेब वेगळा करू.” आप्पांनी मांडलेला हिशेब असा होता. तेव्हा नवे पैसे आले होते, पण आमच्या घरात बोलणं आण्याचंच. पोटाला ठेवून, सारा भरून जे काही विकलं जाईल आणि आप्पा थंडीत बागायतीतल्या गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालून जे आणतील, त्याच्या रुपयातले दहा आणे गहाणाचे. पाच आणे अडीनडीचे, म्हणजे पुन्हा बैल आजारी पडला तर गहाणाच्या पैशाला हात लागू नये. आणि एक आणा जिवाचा. हा आणा वर्षाच्या वर्षाला खर्च झालाच पाहिजे, साठवायचा नाही. दहा आण्यांचेही रोख पैसे घरात ठेवायचे नाहीत. शेळ्या घ्यायच्या, म्हशीची एक रेडी घ्यायची. जनावर वाढतं, वितं, आणि चहापाण्याला मोडता येत नाही.

माझा चुलता, तात्या, याला कबूल नव्हता. तो म्हणायचा, “आण्याआण्यानं रान लांबतंय. पंधरा वाटं जपायचं आन् सोळाव्याला भोक पाडायचं, ह्यो कसला हिशेब?” तात्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी मोठा झाल्यावर ताळा करून बघितला. तो आणा वर्षाला बारा रुपयांच्या आसपास जायचा. तोही गहाणात टाकला असता तर रान सहा-सात महिने आधी सुटलं असतं. म्हणजे एक सुगी. सहा एकरांची एका सुगीची ज्वारी आणि कडबा त्या आण्यापायी सावकाराच्या खळ्यात गेला. ही किंमत थोडी नाही आणि मी ती लपवत नाही.

त्या आण्यातून काय आलं तेही सांगतो. १९६२ साली आजोबा वारीला गेले. पायी, आजीचं पितळी फुलपात्र पिशवीत घेऊन. चंद्रभागेत त्यांनी ते भरून विठोबाच्या पायरीवर ओतलं, असं बरोबरची माणसं सांगायची. आल्यावर म्हातारा पोरांशी बोलू लागला, जे आठ-नऊ वर्षं त्यानं केलं नव्हतं. आईला काचेच्या बांगड्या आल्या. जत्रेत आम्हा पोरांना रेवड्या मिळाल्या. भजनासाठी टाळाचा एक जोड आला, तो अजून वाजतो. आजोबा १९६५ साली गेले. १९६७ साली चार शेळ्या, दोन बोकड आणि ती रेडी, जी तोवर दुभती म्हैस झाली होती, विकून सातशे पुरे झाले आणि रान सुटलं. मी तेव्हा सात वर्षांचा. तात्यानं पहिलं तास धरलं आणि मातीचं ढेकूळ कपाळाला लावलं. म्हणजे आजोबांनीही सुटलेलं रान पाहिलं नाहीच. पण आजीसारखे ते सगळंच उधार ठेवून गेले नाहीत.

पुढं १९७२ चा दुष्काळ आला. आमचं सगळं घर खडी फोडायला गेलं, सुकडी खाऊन दिवस काढले. रान डोक्यावर मोकळं होतं म्हणून पावसानंतर आम्ही आमच्याच वाफशावर पेरू शकलो. तेव्हा तात्या म्हणाला, “बघ, फेडलं म्हणून वाचलो.” हे शंभर टक्के खरं होतं. दहा आणे नसते तर जिवाच्या आण्याला काही अर्थ नव्हता. त्यामुळं कुणी मला विचारलं की कर्ज असताना मजा करावी का, तर मी आधी दहा आण्यांची चौकशी करतो.

माझ्या वेळेला विहीर आणि पाइपलाइनसाठी बँकेचं कर्ज होतं. रान नजरगहाण, सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा. हप्ता वर्षाचा, त्यामुळं आप्पांपेक्षा सोपं. मालकीणबाईनं डब्यांवर खडूनं खुणा केल्या होत्या, त्यातला एक डबा जिवाचा. नऊ वर्षांत बोजा उतरला.

आता माझा मुलगा आणि सूनबाई पुण्यात हडपसरला राहतात. फ्लॅट घेतला, पंचवीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के. महिन्याचा हप्ता एकवीस हजार सातशेच्या आसपास. त्यांच्या कागदाचा मी चष्मा लावून अभ्यास केला. पहिल्या हप्त्यातले सतरा हजार सातशे नुसतं व्याज, मुद्दलात गेले चार हजारही नाहीत. वीस वर्षांत भरायचे बावन्न लाख. पोरं घाबरली. दोन वर्षं जत्रेला आली नाहीत, दिवाळीला एक दिवस येऊन गेली. जाण्यायेण्याचे वाचलेलेसुद्धा कर्जात.

मी त्यांना रागावलो नाही, कारण त्यांच्यात मला तात्या दिसत होता आणि तात्याचा हिशेब बरोबर असायचा. सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलात टाकलेला रुपया सगळ्यात जास्त व्याज वाचवतो, हे खरंच आहे. मी म्हणालो, “वर्षाला एक हप्ता जादा भरा. वीस वर्षांतली तीनेक वर्षं तेवढ्यानं कमी होतात. त्याच्याआधी सहा महिन्यांचे हप्ते निघतील एवढं अडीनडीचं बाजूला काढा, नाहीतर नोकरीचं काही झालं तर नवं-जुनं करायची पाळी येईल. आणि हातात उरतंय त्याचा सोळावा वाटा जिवाचा. तो साठवायचा नाही.” सूनबाई हुशार. म्हणाली, “मामंजी, मग सोळावाच का, दहावा का नको?” मी म्हणालो, “दहावाही चालेल. आकडा ज्याचा त्यानं ठरवावा. शून्य तेवढं नको.”

जिवाचं म्हणजे काय, हे मात्र ज्याचं त्यानं नीट बघावं. कर्ज काढून पाचशे पानं उठवणं आणि दारात वाजंत्री लावणं हे लोकांसाठी असतं. आयोगानंही तो खर्च लहान म्हटलेला नाही. आजोबांची वारी, आईच्या बांगड्या, टाळाचा जोड हे स्वस्त होतं आणि घरातल्या माणसाच्या आत पोचलं होतं. माझा हिशेब असा की मिरवायच्या खर्चाला कात्री लावली तर जिवाचा आणा आपोआप निघतो, गहाणाच्या दहा आण्यांना हात लावावा लागत नाही.

या चैत्रात जत्रेला दोघंही आली. दोन दिवस राहिली. भावकीत मटणाचा एक वाटा त्यांच्या नावानं घेतला, पैसे सूनबाईनं मोजून दिले.