होबर्नचा पराभव आणि रंगाची सबब

निवडणूक हरलेल्या माणसाला कारणांची वाण कधी पडत नाही. पैसा कमी पडला, वेळ थोडा मिळाला, आपल्याच लोकांनी ऐन वेळी पाय ओढले. काय वाटेल ते सांगता येते. उमेदवाराच्या कातडीचा रंग मतदारांहून निराळा असला, तर आणखी एक कारण आयतेच हाताशी येते. पण ते तो खरोखर पुढे करतो का? श्रोतेहो, या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले गणिताचे एक जुने प्राध्यापक आठवतात. दादाभाई नौरोजी.

1886 च्या उन्हाळ्यात दादाभाई लंडनमधील होबर्न मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटसाठी उभे राहिले. वय साठ. प्रचाराला मिळाले जेमतेम दोनतीन आठवडे. पारशी पागोटे उतरवून इंग्रजी टोपी घाला, असा सल्ला देणारे हितचिंतकही भेटले! निकाल लागला तेव्हा काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या कर्नल डंकन यांना 3,651 आणि दादाभाईंना 1,950 मते पडली होती. फरक 1,701 चा. आता हा फरक रंगाचा म्हणावा काय? त्या वर्षी आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावरून लिबरल पक्ष दुभंगला होता आणि गोऱ्यातले गोरे लिबरलही देशभर धडाधड पडले होते. मत तर 1872 पासून गुप्त. कोणी कशासाठी चिठ्ठी टाकली, हे सांगणार कोण?

दादाभाईंनी तरी सांगितले नाही. त्यांच्या जाहीर भाषणांचा सूर ब्रिटिशांच्या न्यायबुद्धीला हाक घालण्याचा असे. रंगाची तक्रार करण्याचा नव्हे. यात त्यांचा स्वभाव होता तसा हिशेबही असला पाहिजे. ज्यांच्या दारी पुन्हा मत मागायला जायचे, त्यांना आदल्या दिवशी ‘तुमचे मन कोते’ म्हणून कसे भागेल? आणि हिंदुस्थानचे गाऱ्हाणे इंग्रज मतदाराच्या कानी घालता येते, यावर तर त्यांच्या साऱ्या कामाची भिस्त होती.

रंगाचे कारण पुढे आले ते दोन वर्षांनी, आणि गंमत पाहा, तेही जिंकलेल्या पक्षाकडून! 1888 मध्ये कर्नल डंकन वारले आणि होबर्नला पोटनिवडणूक झाली. जागा काँझर्व्हेटिव्हांनी राखली, पण मताधिक्य बरेच घटले. आता ही पीछेहाट समजावून कशी द्यायची? पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी एडिंबरोच्या सभेत म्हणाले, की मागल्या वेळी डंकनसाहेबांच्या समोर एक काळा माणूस होता, म्हणून तेव्हाचा फरक मोठा दिसला. आपण कितीही पुढारलो असलो तरी ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल असे वाटत नाही. म्हणजे सबब हवी होती ती त्यांना. आपल्या पक्षाची मते घटली नाहीत, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी दादाभाईंची कातडी वापरली.

त्यावर जो गदारोळ उठला, त्याची सॅलिसबरींना कल्पना नसावी. दादाभाई तर लॉर्डसाहेबांपेक्षा गोरे आहेत, अशी थट्टा लिबरल मंडळींनी केली. (ही थट्टाही, नीट पाहिले तर, रंगाचाच मान राखणारी. असो.) ज्यांना हे नावही ठाऊक नव्हते, अशा हजारो इंग्रजांना ते त्या भाषणामुळे ठाऊक झाले.

तरी वाट सोपी नव्हती. सेंट्रल फिन्सबरीत, घड्याळे बनवणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत, त्यांनी उमेदवारी मागितली, तेव्हा खरी झुंज लागली ती स्वपक्षाशी. रिचर्ड ईव्ह नावाच्या दुसऱ्या लिबरल गृहस्थाचाही दावा होता, आणि हे भांडण कितीतरी वर्षे चालले. मला वाटते, रंगाची गोष्ट शोधायचीच तर ती मतपेटीत न शोधता पक्षाच्या कमिटीच्या खोलीत शोधावी. तिथे मतमोजणी नसते, आणि नकाराला सभ्य कारण कधीही सापडते. 1892 च्या जुलैत दादाभाई अखेर निवडून आले: 2,959 विरुद्ध 2,956. तीन मते! फेरमोजणीनंतर ती पाच ठरली. नौरोजी हे नाव इंग्रज जिभेला वळेना, तेव्हा लोकांनी त्याचे ‘नॅरो मेजॉरिटी’, म्हणजे निसटते मताधिक्य, असे करून टाकले.

तीन वर्षांनी, 1895 मध्ये, ते हरले. या वेळी तरी रंग? पण त्याच निवडणुकीत लंडनच्याच बेथनल ग्रीन भागातून मंचरजी भावनगरी निवडून आले. तेही मुंबईचे, तेही पारशी. फक्त पक्ष काँझर्व्हेटिव्ह. लाट त्या पक्षाची होती. एक हिंदी माणूस तिच्याखाली गेला, दुसरा तिच्यावर बसून पार्लमेंटात पोचला. आणि रंगाचे गाऱ्हाणे? तेही त्या वर्षी निघाले. भावनगरींनी ज्यांना पाडले ते जॉर्ज हॉवेल, मजुरांचे जुने पुढारी, कडवटपणे म्हणाले की इतकी वर्षे राबलो आणि एका परक्या काळ्या माणसाने मला बाहेर घालवले. गोऱ्या उमेदवाराने आपल्या पराभवाला दुसऱ्याचा रंग लावला, तो असा.

भावनगरी 1900 मध्ये पुन्हा निवडून आले. 1906 मध्ये वारे फिरले, लिबरलांची प्रचंड लाट आली, आणि ते पडले. त्या लाटेत दादाभाईंना तरायला हरकत नव्हती. पण उत्तर लँबेथमध्ये अधिकृत लिबरल उमेदवार दुसराच होता. ऐंशी वर्षांच्या दादाभाईंना तिथे 733 मते मिळाली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात परतले आणि मुंबईजवळ वर्सोव्याला समुद्रकाठी राहू लागले.