आधी पाण्याचा हिशेब
(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात आहे, अशी घरं आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही सापडतात. आई-वडील तिकडे गेले, की सुट्टीत त्यांना कुठं फिरवायचं याचे बेत सुरू होतात. त्यांतला एक बेत असा असतो: लास व्हेगासला कॅम्पर भाड्यानं घ्यायचा आणि आठ-दहा दिवसांत डेथ व्हॅली, झायन, ब्राइस, आर्चेस, ग्रँड कॅन्यन अशी वाळवंटी मुलखातली राष्ट्रीय उद्यानं पाहून यायचं.

कॅम्पर म्हणजे चाकांवरचं लहानसं घर. त्यात झोपायला जागा, गॅसची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं असतं. हॉटेलं शोधायला नकोत आणि पोहे-खिचडी आपल्या हातची. किल्ली घ्यायची आणि निघायचं, इतकं ते सोपं वाटतं. पण या गाडीच्या पोटात पाण्याची एक टाकी असते, साधारण शंभर-दोनशे लिटरची. चहा, स्वयंपाक, भांडी, आंघोळ सगळं त्यातच भागवायचं. त्यामुळे निघाल्यापासून दुसऱ्याच सकाळी एक प्रश्न समोर उभा राहतो. पाणी किती उरलं आणि पुढचं कुठं मिळणार?

त्या मुलखात हा प्रश्न नवा नाही. तिथं आजवर जे जे गेले, त्यांचं तरणं किंवा बुडणं या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर ठरलं. ती पावणेदोनशे वर्षांची हकिगत आज सांगायची आहे.

सुरुवात १८४९ सालची. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी पसरली होती आणि पूर्वेकडून हजारो कुटुंबं बैलगाड्यांतून निघाली होती. त्यांतला एक तांडा उशिरा, शरद ऋतूत सॉल्ट लेकच्या परिसरात पोहोचला. समोरच्या सिएरा नेवाडा पर्वतात लवकरच बर्फ पडणार होतं. तीनच वर्षांपूर्वी डॉनर नावाच्या तांड्याची त्या बर्फात काय दशा झाली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दक्षिणेकडून लॉस एंजलिसला जाणारी लांबची वाट धरली. जेफरसन हंट हा माहीतगार माणूस वाटाड्या म्हणून घेतला. शंभराहून अधिक गाड्या त्याच्या मागं चालू लागल्या.

वाटेत कुणीतरी एक नकाशा दाखवला. त्यावर सरळ पश्चिमेकडे जाणारी जवळची वाट काढलेली होती. हंट नको म्हणत असतानाही बहुतेकांनी त्याला सोडलं आणि ते त्या वाटेला लागले. थोड्याच दिवसांत खोल दऱ्या आडव्या आल्या. बरेच जण शहाणपण करून मागं फिरले. काही मात्र पुढं गेले आणि नाताळच्या सुमारास एका लांबलचक, पांढऱ्याफटक खोऱ्यात उतरले. समोर उंच डोंगर, पायाखाली मीठ.

त्यांतल्या बेनेट आणि आर्केन या कुटुंबांत लहान मुलं होती. गाड्या डोंगरापलीकडे जाईनात. तेव्हा विल्यम लुईस मॅन्ली आणि जॉन रॉजर्स हे दोन तरुण मदत आणायला पायी निघाले. सुमारे चारशे किलोमीटर चालून ते लॉस एंजलिसच्या उत्तरेकडच्या एका गुरांच्या वाडीवर पोहोचले आणि खाण्याचं सामान घेऊन परत फिरले. जाऊन यायला त्यांना साधारण पंचवीस दिवस लागले. वाटेत घोडे सोडून द्यावे लागले. एका डोळ्यानं आंधळं असलेलं एक खेचर तेवढं शेवटपर्यंत टिकलं. मागं राहिलेल्यांपैकी एक जण तोवर मरण पावला होता. उरलेल्यांनी गाड्या तिथंच टाकल्या, मुलांना बैलांच्या पाठीवर बसवलं आणि डोंगर ओलांडला. जाताना त्यांच्यातल्या कुणीतरी वळून त्या खोऱ्याचा निरोप घेतला आणि तेव्हा मृत्यूचं खोरं हे नाव उच्चारलं, असं सांगतात. तेच नाव पुढं नकाशावर चढलं. डेथ व्हॅली ती हीच.

या हकिगतीत एक गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते. ज्याला या लोकांनी मृत्यूचं खोरं म्हटलं, तिथं टिंबिशा शोशोन लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. कुठला झरा केव्हा आटतो, मेस्किटच्या शेंगा केव्हा पिकतात, उन्हाळ्यात डोंगरावर कधी चढायचं आणि थंडीत खाली कधी उतरायचं, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे त्या जागेत माणसाला जगता येत नव्हतं असं नाही. वर्षाचं वेळापत्रक पाण्याप्रमाणे आखावं लागत होतं, इतकंच. आलेल्यांच्या हातात नकाशा होता, पण ही माहिती नव्हती. पुढं त्या लोकांचीच जमीन त्यांच्या हातून गेली. खोऱ्यातल्या वस्तीवरचा त्यांचा हक्क कायद्यानं मान्य व्हायला २००० साल उजाडावं लागलं.

तीस-पस्तीस वर्षांनी त्याच खोऱ्यात दुसरी मंडळी आली ती टाकणखारासाठी. आपल्याकडे सोनाराच्या दुकानात असतो तो टाकणखार. कॅरमवर आपण टाकतो ती बोरिक पावडरही त्याच घराण्यातली. खोऱ्यात तो जमिनीवरच पसरलेला होता, पण रेल्वे होती २६५ किलोमीटर लांब, मोहावी गावी. १८८३ पासून पाच-सहा वर्षं तो खेचरांच्या गाड्यांनी तिथवर नेला. वीस जनावरं जुंपलेल्या दोन अवजड गाड्या आणि त्यांच्या मागं जोडलेली तिसरी गाडी फक्त पाण्याची. तिच्या टाकीत सुमारे साडेचार हजार लिटर पाणी मावत असे. प्रवास दहा दिवसांचा. मुक्काम कुठं, तिथं झरा आहे की नाही, नसेल तर पाणी किती न्यायचं, हे सगळं आधी ठरलेलं. डोंगर तेच आणि ऊनही तेच होतं. फरक पडला तो या हिशेबानं. मागं पाण्याची टाकी लावून चाललेली ती गाडी पाहिली, की आजच्या कॅम्परची पणजी म्हणायला हरकत नाही.

इथं इतिहासात एक गमतीचा धागा आहे. या टाकणखाराच्या कंपनीत विक्री आणि जाहिरातीचं काम पाहायला स्टीफन माथर नावाचा तरुण आला. वीस खेचरांचं चित्र आणि नाव मालाला देण्याची कल्पना त्याचीच. त्या धंद्यात तो श्रीमंत झाला. पुढं १९१६ साली अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली, तेव्हा तिचा पहिला संचालक झाला तो हाच माथर. उद्यानं टिकवायची, तर लोकांनी ती पाहिली पाहिजेत, असं त्याचं मत होतं. तोवर ग्रँड कॅन्यनला लोक रेल्वेनं जात आणि महागड्या हॉटेलांत उतरत. ते सामान्य माणसाला परवडणारं नव्हतं. माथरनं मोटारींना उद्यानांची दारं मोकळी करून दिली. डेथ व्हॅलीचं मात्र त्यानं नाव काढलं नाही. जुन्या धंद्यामुळे लोक शंका घेतील, हा त्याला संकोच होता. ते काम त्याच्या वारसानं, होरेस ऑलब्राइटनं पुढं नेलं. १९३३ मध्ये डेथ व्हॅली राष्ट्रीय स्मारक झाली आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. आज तिचा विस्तार साडेतीन गोव्यांहून अधिक आहे.

मोटारी आल्या आणि नवे प्रश्न घेऊन आल्या. १९२० च्या दशकात लोक गाडीला तंबू बांधून येत, झाडाखाली वाटेल तिथं गाडी घालत आणि चूल मांडत. ई. पी. माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की चाकांनी माती दाबली जाते, मुळं गुदमरतात आणि काही वर्षांनी झाड मरतं. त्यानं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तोडगा सुचवला. एकाच दिशेनं फिरणारा वळसेदार रस्ता, त्याच्या कडेला प्रत्येक गाडीसाठी ठरलेली जागा, ठरलेलं टेबल, ठरलेली चूल. मंदीच्या काळात सरकारनं कामाला लावलेल्या बेकार तरुणांनी अशी शेकडो मुक्कामाची ठिकाणं बांधली. आज कॅम्परसाठी आपण क्रमांक पाहून जी जागा आरक्षित करतो, तिचा आराखडा असा झाडांच्या मुळांसाठी जन्माला आला. चार हात पलीकडे गाडी लावली तर काय बिघडतं, असं वाटतं तेव्हा हे आठवावं.

याच काळातला दुसरा धडा झायनच्या बोगद्यात दिसतो. कातळ फोडून काढलेला हा सुमारे पावणेदोन किलोमीटरचा बोगदा १९३० मध्ये खुला झाला. त्यामुळे झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन यांमधली वाट बरीच जवळ आली. पण तो कोरला तेव्हाच्या मोटारींच्या मापानं. नंतर गाड्या फुगत गेल्या, बोगदा आहे तेवढाच राहिला. मोठी घरगाडी जायची, तर समोरची वाहतूक थांबवायची आणि तिला मधोमध चालवायची, अशी पद्धत अनेक वर्षं चालली. म्हणून भाड्याचा कॅम्पर ठरवताना आत झोपायला किती जागा आहे, एवढंच विचारून भागत नाही. बाहेरून उंची किती आणि रुंदी किती हेही विचारावं आणि त्या मापाच्या गाडीला उद्यानाचे सध्याचे नियम काय आहेत ते पाहूनच मार्ग आखावा. नाहीतर ऐन वेळी मोठा वळसा पडतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन माणसाच्या हाती पैसा, मोटार आणि भरपगारी सुट्टी आली. उद्यानांत गर्दी उसळली. १९५६ पासून दहा वर्षांची मोठी योजना आखून रस्ते आणि माहिती केंद्रं बांधली गेली. १९६६ मध्ये विनेबॅगो कंपनीनं चालती घरं कारखान्यात ओळीनं बनवायला घेतली आणि त्यांची किंमत उतरली. ज्यांना विकत घेणं परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी ती भाड्यानंही मिळू लागली.

हे सगळ्यांनाच आवडलं असं नाही. एडवर्ड ॲबी हा लेखक १९५६ आणि १९५७ मध्ये आर्चेसमध्ये हंगामी रक्षक होता. तेव्हा तिथं कच्चा रस्ता होता आणि माणूस क्वचित दिसे. १९६८ च्या आपल्या पुस्तकात त्यानं उद्यानांतून मोटारी हद्दपार करा, अशी मागणी केली. तो स्वतः तिथं एका घरगाडीतच राहत होता, हे सोडून द्या. लोकांनी त्याला विक्षिप्त ठरवलं. पण २००० साली झायनच्या मुख्य दरीत गर्दीच्या महिन्यांत खासगी गाड्या बंद झाल्या आणि उद्यानाच्या बस सुरू झाल्या. २०२२ मध्ये आर्चेसनं गर्दीच्या दिवसांत आधी वेळ ठरवून प्रवेश देऊन पाहिला. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या उद्यानाकडूनच माहिती घेतलेली बरी.

आता आपल्या बेताकडे येऊ. पहिला निर्णय महिन्याचा. डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं आणि उन्हाळ्यात पारा पन्नाशी गाठणं तिथं नवलाचं नाही. काही भाडेकंपन्या तर उन्हाळ्यात तिथं गाडी न्यायलाच मनाई करतात. नोव्हेंबर ते मार्च हा तिथला योग्य काळ. पण त्याच दिवसांत अडीच हजार मीटर उंचीवरच्या ब्राइसला बर्फ असतं आणि गाडीतल्या पाण्याच्या नळ्या गोठू शकतात. एकाच सहलीत दोन्ही हवं असेल, तर वसंत किंवा शरद ऋतू गाठावा आणि मुक्कामांचा क्रम उंची पाहून लावावा. टिंबिशा लोक हेच करत होते.

दुसरा निर्णय पाण्याचा. गाडीच्या टाकीतलं पाणी वापरायचं. प्यायचं वेगळं ठेवायचं, माणशी रोज किमान चार लिटर, आणि गाडी बंद पडली तर लागेल म्हणून त्याहून थोडं जास्त. टाकी कुठं भरायची आणि सांडपाणी कुठं सोडायचं, ती ठिकाणं आधी लिहून काढावीत. पेट्रोलचंही तसंच, पुढचा पंप दीडशे किलोमीटरवर असू शकतो. मोबाइलला बराच काळ रेंज नसते, म्हणून कागदी नकाशा जवळ असावा. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेऊ नये, अशी अट बहुधा असते. ती केवळ गाडीच्या काळजीपोटी आहे असं समजू नये.

कारण १८४९ ची चूक १८४९ मध्ये संपलेली नाही. १९९६ च्या उन्हाळ्यात भाड्याची व्हॅन घेऊन आलेले चार परदेशी पर्यटक डेथ व्हॅलीच्या दुर्गम भागात हरवले. काही महिन्यांनी टायर फुटलेली व्हॅन एका दरीत मिळाली. त्यांचे अवशेष सापडायला २००९ साल उजाडलं. नकाशावर रेघ दिसते, म्हणून तिथं आपल्या गाडीजोगी वाट असेलच, हा भरवसा दीडशे वर्षांनंतरही घात करत होता. आता तर ती रेघ फोनमधला आवाज वाचून दाखवतो आणि त्याच्याशी वाद घालायचं धाडस आपल्याला होत नाही. अशा वेळी उद्यानाच्या माहिती केंद्रात उभ्या असलेल्या रक्षकाला आजचा रस्ता कसा आहे, एवढं विचारावं. हंटचं ऐकायची संधी त्या तांड्याला एकदाच मिळाली. आपल्याला ती रोज मिळते.

शेवटी एक अलीकडची गोष्ट. २० ऑगस्ट २०२३ रोजी, हिलरी वादळात, या कोरड्या खोऱ्यात एका दिवसात ५६ मिलिमीटर पाऊस पडला. तिथल्या वर्षभराच्या पावसापेक्षा हा जास्त. रस्ते वाहून गेले आणि उद्यान जवळजवळ दोन महिने बंद राहिलं. समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली असलेल्या बॅडवॉटरच्या मिठागरात तळं साचलं आणि काही महिने टिकलं. त्या हिवाळ्यात लोकांनी तिथं होड्या चालवल्या.

हिमयुगात याच जागी एक मोठं सरोवर होतं. भूशास्त्रज्ञांनी त्याला जे नाव दिलं आहे, तेच या तळ्यालाही लागलं. ते नाव आहे लेक मॅन्ली. ज्या माणसानं या खोऱ्यातून पाण्याच्या शोधात कोरड पडलेल्या घशानं चारशे किलोमीटर पायपीट केली आणि तेवढीच पुन्हा परतीची केली, कारण मागं मुलं वाट पाहत होती, त्याच्या नावाचं हे सरोवर. कधी तिथं गेलात, तर बॅडवॉटरच्या काठावर गाडी थांबवा, हातात पाण्याची बाटली घ्या आणि पश्चिमेच्या डोंगराकडे बघा. ती दोन कुटुंबं त्याच डोंगरापलीकडे गेली होती.