ग्वाल्हेरच्या भिंतीवरचा समुद्र



ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचा समुद्राशी संबंध काय, असं कुणीही विचारेल. मुंबईचा किनारा इथून हजार किलोमीटरहून लांब. आमचं 'लष्कर' हे नावच मुळी छावणीचं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला आणि तळाचं शहर झालं. आपल्या घराघरांतल्या गोष्टींत घोडे, तोफा, तंबू आहेत, गलबत नाही. पण यंदा सात वर्षांच्या नातवाने खोलीत 'जहाजवाली दीवार' मागितली, आणि त्या निमित्ताने जे जुळून आलं ते लिहून ठेवतो.

मुलाने आधी तयार स्टिकर मागवले. त्यात कवटी, हाडं, आणि एका डोळ्यावर पट्टी बांधलेला दरोडेखोर. मी म्हटलं, हा समुद्रावरचा चाचा. नातू हिंदी शाळेतला, त्याला चाचा म्हणजे काका! घरात हसाहशी झाली. मला मात्र तो शब्द बोचला, कारण इंग्रजांनी आपल्या कान्होजी आंग्र्यांना हेच लेबल लावलं होतं. खरं तर आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्याने आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, एवढीच त्यांची मागणी. पोर्तुगीजही असेच परवाने देत होते. त्यांचा तो कायदा आणि आपली ती चाचेगिरी! उभा जन्म बँकेत कागद तपासण्यात गेला, त्यामुळे हा दुजाभाव लगेच डोळ्यांत भरतो. कान्होजी १७२९ मध्ये वारले, तोवर इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनसुद्धा त्यांचा कुलाबा घेऊ शकले नव्हते.

आणि आंग्रे काही आपल्याला परके नाहीत. १७९९ मध्ये दौलतराव शिंद्यांचे आप्त बाबुराव आंग्रे यांनी कुलाब्याचा ताबा घेतला होता. ग्वाल्हेरचं सरदार आंग्र्यांचं घराणं इथे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे समुद्र आपल्या गावात नात्यागोत्याने आलेलाच होता.

कवटी परत गेली. भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागाला निळा रंग दिला आणि आजोबा-नातू कामाला लागलो. प्लायवूड सुताराकडून कापून आणलं, शिडांना मांजरपाट, दोरांना सुतळी, चिकटवायला फेविकॉल. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. आम्ही दोन केल्या. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि निमुळतं, आणि पुढच्या तोफा त्या नाळेवरून मारा करत. गलबत त्याहून लहान, पण वल्ह्यांवर चालणारं. वल्ही चाळीस-पन्नास असत. आम्ही चाळीस धरली, त्यातली एका बाजूची वीसच दिसणार, म्हणून आइस्क्रीमच्या वीस काड्या मोजून लावल्या. वारा पडला की मोठी जहाजं जागच्या जागी थांबत आणि गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून नेत. हे कळल्यावर नातवाने दोघांच्या मध्ये सुतळी स्वतः बांधली.

तिसरं जहाज मात्र खास ग्वाल्हेरचं. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जहाज १८९१ पासून हाँगकाँग, जपान आणि व्हँकुव्हर असं फिरत असे. पांढरंशुभ्र, तीन डोलकाठ्या, दोन धुराडी. १९१४ मध्ये आपल्या माधवराव महाराजांनी ते घेतलं आणि युद्धातल्या हिंदी जखमींसाठी इस्पितळ-जहाज करून दिलं. नाव ठेवलं 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी ते विकत घेतलं. त्यांच्या कंपनीचं नाव काय, तर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन! ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. समुद्रावर सगळा इंग्रजी कंपन्यांचा दरारा असताना हे घडलं. म्हणूनच ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन. जहाज १९२३ मध्ये मोडीत निघालं, नाव राहिलं.

त्याची लांबी सुमारे ४५५ फूट. दहा फुटांना एक इंच असा हिशेब धरला, तर साडेपंचेचाळीस इंच आली. नातवाचा पलंग त्याहून थोडाच लांब! पलंगाच्या दोन टोकांना दोन दिवे लावले, जहाजाच्या डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा, खऱ्या जहाजांना असतात तसे.

सगळ्यात जास्त वेळ गेला चिठ्ठ्या लिहिण्यात. पोराला पाल, लंगर, पतवार ठाऊक. शीड, नांगर, सुकाणू नाही. मी पाटीवर लिहून दिलं, त्याने रंगवलं. नांगर शब्दावर तो अडला: "आजोबा, ये तो खेत में चलता है ना?" म्हटलं, दोन्ही जमिनीत रुततात बाळा. आता झोपताना तो एकेक चिठ्ठी वाचतो, आणि 'ळ' नीट काढतो. आमच्या पिढीनंतर या घरात मराठी टिकेल का, याची खात्री मला कुणी देऊ शकत नाही. पण सुकाणू हा शब्द तरी त्याच्या डोळ्यांसमोर रोज राहील.

इंग्रजांनी ज्यांना चाचा म्हटलं, त्यांचंच नाव स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईच्या आपल्या तळाला दिलं: आयएनएस आंग्रे. ती चिठ्ठी दाराच्या वर लावली आहे.

बडोदे, इंदूर, बेळगाव, गोव्याच्या मंडळींनो, तुमच्या घरांत दर्यावर्दी आठवणी, जुने शब्द असतील तर जरूर लिहा. भिंतीवर अजून बरीच जागा आहे.