बेटावरचे अन्नपाणी



वसंत व्याख्यानमालेचे दिवस आणि सुट्टीत कोठे जावे याचा घरोघर चालणारा खल, हे दोन्ही आपल्या नागपुरात एकाच सुमारास येतात. पारा बेचाळीसच्या वर गेला की माणसाला समुद्र आठवू लागतो. कोणी मालवणला जाऊन आलेला असतो, कोणी मुरूड-जंजिऱ्याला. अशा माणसाला आपण दोन प्रश्न हमखास विचारतो : तेथे पाहण्यासारखे काय आहे, आणि जेवणाखाण्याची सोय कशी आहे? इतिहास सांगणाऱ्यांनी यातला पहिला प्रश्न आपला मानला आणि दुसरा खानावळवाल्यांच्या स्वाधीन केला. मला ही वाटणी मान्य नाही. समुद्रातल्या किल्ल्यांपुरते बोलायचे तर हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. त्या बेटांवर माणसे काय खात होती, काय पीत होती आणि ते त्यांच्यापर्यंत कसे पोचत होते, हेच तेथे पाहण्यासारखे आहे.

आपण भूप्रदेशातली माणसे. आपले बेट म्हणजे फार तर गांधीसागराच्या मध्यातली बाग. पण नागपूरला समुद्र कधीच नव्हता असे मात्र म्हणू नये. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओरिसाचा किनारा नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होता. देवगावच्या तहाने तो गेला आणि आपला समुद्राशी असलेला संबंध सुट्टीपुरता उरला. असो. आपण पश्चिम किनाऱ्याकडे वळू.

प्रथम जंजिरा. जंजिरा हा शब्दच मुळी बेट या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी सुमारे बावीस एकरांचे हे बेट. राजपुरी गावाहून होडीत बसावे, शिडाची होडी मिळाली तर उत्तम. तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. मग एकदम दिसतो, आणि त्याच्याजवळ हत्तींना पंजांत व शेपटीत धरलेला पशू कोरलेला दिसतो. वाटाड्या आपल्याला तडक कलालबांगडी तोफेकडे नेतो. सगळे तिच्याभोवती उभे राहून छायाचित्रे काढतात. तोफ मोठी आहे, पाहावी. पण तोफेने जंजिरा राखला असे ज्याला वाटते त्याने चार पावले पुढे जाऊन गोड्या पाण्याचे दोन तलाव पाहावेत. चहूबाजूंना खारे पाणी, आणि मध्ये हे दोन तलाव. १६८२ साली संभाजीराजांनी जंजिऱ्याला वेढा घातला, आणि किनाऱ्यापासून बेटापर्यंतची खाडी भरून काढून पायवाट करण्याचा उद्योग आरंभला. केवढी जिद्द! पण मोगली फौज कोकणात उतरली आणि राजांना मोहीम अर्धी टाकून परतावे लागले. आत पाणी होते, धान्य समुद्रातून येत होते, तेव्हा आतल्यांना फक्त वाट पाहायची होती. ती त्यांनी पाहिली. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत जंजिरा सिद्दींकडेच राहिला.

जंजिऱ्याच्या तटावरून समुद्राकडे नजर टाकली की दूरवर आणखी एक कोट दिसतो. तो पद्मदुर्ग, कासा नावाच्या खडकावर शिवाजीमहाराजांनी बांधलेला. तेथे प्रवासी फार थोडे जातात. जे जातात ते एक चमत्कार पाहतात : खाऱ्या वाऱ्याने तटाचे दगड झिजून आत गेले आहेत आणि त्यांच्यामधला चुना जाळीसारखा बाहेर उभा आहे. दगडापेक्षा चुना टिकला! पण मला या किल्ल्याबद्दल सांगायचे आहे ते बांधकामाविषयी नाही. एका पत्राविषयी आहे.

१६७५ च्या जानेवारीतली गोष्ट. प्रभावळीचा सुभेदार होता जिवाजी विनायक. दौलतखान आणि दर्यासारंग यांच्या आरमारासाठी त्याच्यावर पैशाची आणि गल्ल्याची वरात काढलेली होती. त्याने ती पोचवली नाही. आता तुम्ही-आम्ही कचेऱ्यांतली दिरंगाई रोज पाहतो. कागद या मेजावरून त्या मेजावर जायला महिना लागला तर आपल्याला नवल वाटत नाही. जिवाजीपंतालाही बहुधा तसेच वाटले असावे. पण महाराजांचे पत्र आले, आणि ते पत्र आज वाचतानाही अंगावर काटा येतो. त्याचा आशय असा : राजपुरीच्या उरावर आम्ही पद्मदुर्ग उभा करून दुसरी राजपुरी वसवली. तिला पाणी, सरपण, सामानसुमान पोचावे ही तुमची जबाबदारी. तिकडे हबशी पद्मदुर्गाला घेरतो आहे आणि इकडे तुम्ही गल्ला न देता आरमार खोळंबून ठेवता! सिद्दीने तुम्हाला काही देऊन आपले चाकर केले आहे की काय? आणि पुढे स्पष्ट बजावले आहे की ब्राह्मण म्हणून कोणी तुमची गय करील अशा भ्रमात राहू नका.

श्रोतेहो, या पत्रातले सरपण मला फार महत्त्वाचे वाटते. छत्रपतिपदावर असलेला पुरुष, स्वराज्याच्या सगळ्या चिंता डोक्यावर, आणि तो एका खडकावरच्या शे-दोनशे माणसांच्या चुलीत काय जळणार याचा विचार करतो आहे. कारण त्याला ठाऊक होते की कासा खडकावर झाड नाही. तांदूळ असला आणि लाकूड नसले तर तांदूळ कोरडाच खावा लागतो. डोंगरी किल्ल्यावरचा शिपाई वेळ पडली तर रात्री दोराने उतरून रानातून काही आणील. बेटावरच्या शिपायाला ती सोय नाही. त्याचे पोट किनाऱ्यावरच्या सुभेदाराच्या हातात असते. म्हणूनच सुभेदाराच्या आळसाला महाराजांनी फितुरीच्या पंक्तीला बसवले, आणि माझ्या मते योग्यच केले.

उलट उदाहरण खांदेरीचे. मुंबईच्या तोंडाशी हे छोटे बेट आहे. १६७९ साली पावसाळा सरता सरता मायनाक भंडारी तेथे माणसे घेऊन उतरला आणि त्याने तट बांधायला सुरुवात केली. इंग्रजांना हे नाकासमोरचे ठाणे कसे सोसणार? त्यांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. जहाजे मोठी, तोफा भारी. पण वारा पडला की ती जागच्या जागी डोलत राहत. मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात थळच्या किनाऱ्याहून निघत, उथळ पाण्यातून वल्ही मारीत बेटाला लागत, आणि उजाडायच्या आत माल टाकून परत येत. १८ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली. तीत इंग्रजांचे डव्ह नावाचे जहाज मराठ्यांच्या हाती लागले, तर इंग्रजांच्या रिव्हेंजने मराठ्यांचा बराच समाचार घेतला. या लढाईची वर्णने इंग्रजांनी पुष्कळ लिहून ठेवली आहेत. पण खांदेरी टिकली ती त्या एका दिवसामुळे नव्हे. रात्रीमागून रात्री होड्या वल्हवणाऱ्या कोळ्या-भंडाऱ्यांनी ती टिकवली, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला.

आता सिंधुदुर्ग. सुट्टीला जाणाऱ्याने वेळ राखून ठेवावा तो येथे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर याचा पाया घातला गेला आणि तीनएक वर्षांत काम पुरे झाले. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा म्हणून एक खडक आहे, त्यावर गणपती आणि चंद्रसूर्य कोरलेले आहेत. कामाच्या आरंभीची पूजा तेथे झाली असे सांगतात. आत सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचा विस्तार. राजाराममहाराजांच्या काळात बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. त्यातली महाराजांची मूर्ती दाढी नसलेली आणि दर्यावर्दी माणसासारखे शिरोवेष्टन घातलेली आहे. चुन्यात उमटवलेले हातापायाचे ठसे दाखवतात. हे सारे पाहावेच. पण होडीवाला आपल्याला साधारण तासाभराचा वेळ देतो, आणि त्या तासातला वेळ ठशांपुढच्या रांगेत जातो. मग विहिरींपाशी पोचेपर्यंत हाका सुरू होतात.

तीन विहिरी आहेत : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. नावे ऐकून लहान मुले हसतात. मोठ्यांनी हसू नये. ज्याने तोंडात समुद्राचे पाणी घेतले आहे त्याला गोड्या पाण्याला साखर का म्हटले हे सांगावे लागत नाही. लहान बेटावर गोडे पाणी राहते कसे, याचे शास्त्र सोपे आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते. खाऱ्या पाण्यापेक्षा ते हलके, म्हणून खाली मुरलेल्या समुद्राच्या पाण्यावर ते तरंगून राहते, दुधावर साय धरावी तसे. ही साय जपून काढावी लागते. हाव धरून उपसा केला तर खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर नासते. जागा निवडणाऱ्याने आधी पाणी पाहिले असले पाहिजे आणि मग तटाची आखणी केली असली पाहिजे. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आज्ञापत्रात किल्ल्यांविषयी जे नियम घालून दिले त्यांत हेच आहे : आधी पाणी पाहावे, मग किल्ला बांधावा. आणि जिवंत झरा असला तरी त्यावर विसंबू नये, कारण युद्धात तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात आणि खर्च तर वाढतो. म्हणून टाकी बांधून पाणी साठवावे आणि ते एरवी खर्चू देऊ नये. अनुभवाशिवाय असे वाक्य सुचत नाही.

१७६५ साली मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे भपकेदार नावही दिले. पण हिशेब मांडल्यावर दिसले की उत्पन्न काही नाही आणि एवढ्या विस्ताराचा कोट पोसायचा खर्च मात्र अवाढव्य. पाडायला जावे तर तेही सोपे नाही. शेवटी पैसे घेऊन त्यांनी तो कोल्हापूरकरांना परत केला. १८१२ मध्ये तो कायमचा त्यांच्या हाती गेला ही पुढची गोष्ट. बेटावरची शिबंदी खाते किती, हे व्यापाऱ्यांना पहिल्याच वर्षी कळले!

आता आपण परत मालवणच्या धक्क्यावर येऊ, कारण तुम्हाला भूक लागली असेल. किल्ल्यात शहाळे किंवा कोकमाचे सरबत यावर भागवावे आणि जेवायला गावात यावे. सावजी रश्श्याला सरावलेल्या नागपुरी जिभेने मालवणी कालवणाला मिळमिळीत म्हणण्याची घाई करू नये. नारळाच्या रसामागून तिखट येते, थोडे उशिरा येते इतकेच. शिवाय ही मिरची तुमची-आमची सामाईक आहे. भिवापुरी मिरचीची पणजी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजातून याच किनाऱ्यावर उतरली. काजूही त्यांनीच आणला. सुरमई, बांगडा, तिसऱ्या, कोंबडी-वडे हे सर्वांना माहीत आहे. शाकाहारी माणसाचीही तेथे उपासमार होत नाही. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळी मागावी, ओल्या काजूची उसळ मिळाली तर सोडू नये, आणि नारळाच्या गोड रसातले शिरवाळे एकदा तरी खावेत. पण शिपायाचे जेवण कसे असेल याची चव घ्यायची तर उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी आणि सुके बांगडे मागा. टिकणारे, पोत्यात भरून होडीत घालता येणारे, थोड्या सरपणावर शिजणारे असे हे अन्न आहे. खानावळवाला जरा चकित होईल, पण करून देईल.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी त्यांत आहेत. पद्मदुर्ग नाही. जाणाऱ्यांची गर्दी आता वाढेल, आणि बेटाला माणसे वाढली की काय होते हे वर सांगितलेच आहे. साय तेवढीच असते. सिंधुदुर्गात आजही काही कुटुंबांची घरे आहेत, किल्ल्याच्या जुन्या राबत्यातली. आपण पाण्याची बाटली पिऊन तेथेच टाकतो तेव्हा ती कोणाच्या तरी अंगणात पडते.

आणखी एक गोष्ट जाणाऱ्यांसाठी. बेत आखायचा तर मेअखेरपर्यंतचाच आखा. पाऊस धरला आणि दर्या खवळला की मालवणच्या होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवतात आणि किल्ल्याची ये-जा थांबते. त्या दिवसांत कोटात बिऱ्हाड ठेवायचे तर तांदूळ, मीठ, तेल आणि सरपण आधीच नेऊन भरावे लागते, जिवाजीपंताच्या काळी भरावे लागत असे तसेच.